आळशाच्या हाती केरसुणी

पाहुण्यांचा "तुमच्या सोसायटीच्या गेटपाशी आलोय, कुठली विंग?" असा फोन येतो आणि मग दाराची बेल वाजते. या दोहोंच्या मधल्या सात-आठ मिनिटांत मराठी घरात जेवढी साफसफाई होते, तेवढी एरवी आठवडाभरात होत नाही. सोफ्यावर घडीची वाट बघत पडलेले कपडे कवेत घेऊन आतल्या खोलीतल्या पलंगावर टाकले जातात. टीपॉयवरची वर्तमानपत्रं, वीजबिल, नेलकटर, गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी आणि घरातल्या कुठल्याच फोनला न लागणारा एक चार्जर खणात ढकलला जातो. दारातल्या चपला पायानेच रांगेत येतात. बेसिनवरून एक ओला हात फिरतो, टॉवेल बदलतो आणि शेवटी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं जातं. पाहुणे म्हणतात, "घर किती छान ठेवलंय हो!" यजमान म्हणतात, "छे हो, आज जरा पसाराच झालाय." दोघंही आपापल्या परीने खोटं बोलतात आणि चहा येतो. पाहुण्यांबरोबर आलेलं लहान मूल तेवढ्यात तडक त्या बंद दाराकडे निघालेलं असतं.

साफसफाईचा मनापासून कंटाळा असणाऱ्यांनी ही पद्धत पहिला धडा म्हणून गिरवावी. घर स्वच्छ असणं आणि घर स्वच्छ दिसणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते अंतर म्हणजेच आपला वाचलेला वेळ. पाहुण्याची नजर ठरलेल्या वाटेने जाते: दार, बसायची जागा, टीपॉय, बेसिन, संडास. एवढ्या पाच ठिकाणांना रोज पाच मिनिटं दिली की बाकीचं घर आपल्या श्रद्धेवर चालू शकतं. कपाटाच्या डोक्यावरून बोट फिरवून ते बोट सगळ्यांना दाखवणारी एक आत्या प्रत्येक घराण्यात असते खरी. पण ती येण्याआधी दोन दिवस कळवते.

या पद्धतीची खरी अडचण रात्री अकरा वाजता कळते. पाहुणे गेलेले असतात, झोप आलेली असते आणि पलंगावर कपड्यांचा डोंगर असतो. तो कुणीतरी उचलावाच लागतो. तेव्हा वेळ वाचवणारी कुठलीही युक्ती कानावर आली, की तिला आधी एक प्रश्न विचारून घ्यावा: वेळ वाचला तो नक्की कुणाचा? हा प्रश्न मनात ठेवून आपल्याकडे प्रचलित असलेल्या युक्त्या जरा तपासून बघू.

सगळ्यात जुनी युक्ती शास्त्राधाराची. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, लक्ष्मी बाहेर जाते. घरातलं माणूस गावाला निघालं की लगेच केर काढायचा नाही. केरसुणीला पाय लागता कामा नये. या तीन नियमांत आळशी माणसाची सगळी सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. सकाळी सव्वासातच्या लोकलला पळणारा आणि रात्री साडेआठला परतणारा माणूस सोमवार ते शुक्रवार केर काढूच शकत नाही. त्याचे हात धर्माने बांधलेले आहेत. दिवेलागणीच्या नियमामागे म्हणे कारण होतं. कंदिलाच्या उजेडात नाकातली चमकी किंवा कानातलं फूल केराबरोबर उकिरड्यावर जायचं. आता घरात एलईडीचा लख्ख उजेड असतो, तेव्हा नियम शिथिल करायला हरकत नाही, असं एखादी सून बोलून बघते. पण लक्ष्मीला वॅट कळत नाहीत, असं आजीचं म्हणणं असतं आणि नातू आजीच्या बाजूने मत देतो. नातवाची धर्मनिष्ठा केर आणि अभ्यास या दोन विषयांपुरती अचानक जागी होते.

याच केरसुणीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण हळदकुंकू वाहतो. शिंदीच्या पानांची नवी करकरीत केरसुणी पाटावर बसते, तिच्यापुढे निरांजन ओवाळलं जातं. घरातल्या दुसऱ्या कुठल्या हत्याराला एवढा मान नाही आणि दुसऱ्या कुठल्या हत्याराला हात लावायला घरातली माणसं एवढी नाखूशही नसतात. पाडव्याला ती दाराआड जाते. रोजच्या कामाला फूलझाडू असतो. ईशान्येकडच्या डोंगरातल्या गवताच्या तुऱ्यांचा हा झाडू दिसायला मऊ आणि नम्र, पण नवा असताना पहिले आठ दिवस तो स्वतःचाच केर काढत असतो. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडत जावं आणि मागे वळून बघावं, तर खोली पहिल्यापेक्षा जास्त भरलेली. उपाय सोपा आहे. नवा झाडू आधी घराबाहेर नेऊन चांगला आपटायचा, जुन्या कंगव्याने विंचरायचा आणि मगच आत घ्यायचा. गॅलरीत उभं राहून झाडूचे केस विंचरणाऱ्या माणसाकडे समोरच्या इमारतीतले लोक बघतात. बघू द्यावं.

सणांचाही हिशोब नीट मांडला तर फायदा आहे. गणपतीच्या आधी घर आवरतात. घट बसायच्या आधी घर धुतात, अंथरुणं-पांघरुणं काढतात, डबे घासतात. दिवाळीच्या आधी पुन्हा माळ्यापासून सुरुवात होते. हे तिन्ही सण साधारण दोन-अडीच महिन्यांत येतात. चाणाक्ष आळशी माणूस घट बसायच्या आधी एकदाच कंबर कसतो. गणपतीत "आता नवरात्रात काढायचंच आहे सगळं" म्हणतो आणि दिवाळीत "आत्ताच तर काढलं होतं सगळं" म्हणतो. एका साफसफाईवर तीन सण निघतात.

शास्त्रानंतर विज्ञान, आणि हल्ली विज्ञान मोबाइलवर येतं. कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळच्या सुविचाराच्या पाठोपाठ कुणीतरी धाडतं: एक वाटी व्हिनेगर, दोन चमचे खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, आणि बघा चमत्कार! चमत्कार दिसतोही. दोन्ही एकत्र ओतले की जोरात फसफसतं, फेस येतो आणि काहीतरी शास्त्रीय घडतंय याचा आनंद होतो. घडतं ते एवढंच, की व्हिनेगर आम्ल आणि सोडा अल्कली असल्यामुळे दोघं एकमेकांना संपवून टाकतात. मागे उरतं पाणी, हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम ॲसिटेट नावाचं एक निरुपद्रवी मीठ. डाग हे सगळं भांडण बाजूला बसून बघत असतो. दोघांना वेगवेगळं वापरलं तर दोघंही कामाचे. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्याने बादल्यांवर, नळांवर, शॉवरवर जो पांढरा खरखरीत थर चढतो, तो क्षारांचा. त्याला व्हिनेगर किंवा लिंबू. गॅसमागच्या टाइल्सवर आणि एक्झॉस्ट फॅनवर जो चिकट तपकिरी थर बसतो, तो तेलाचा. त्याला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. पांढरं दिसलं तर आंबट लावा, चिकट लागलं तर सोडा लावा, एवढं लक्षात ठेवलं की निम्मी युक्तीपत्रकं वाचायची गरज उरत नाही.

आंबटाचं काम आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. तांब्याचा बंब आणि पितळेची समई चिंचेने किंवा आमसुलाने मीठ लावून घासत, कारण धातूवर चढलेला काळपट थर आम्लात विरघळतो. पण हेच लिंबू उत्साहाच्या भरात ओट्यावर फिरवलं की घात होतो. काळा कडप्पा, शहाबादी फरशी आणि संगमरवर हे तिन्ही दगड मुळात चुनखडीच्या घराण्यातले, आणि नळावरचा पांढरा थरही त्याच घराण्यातला. लिंबाला डाग कुठला आणि ओटा कुठला हे कळत नाही. ते निःपक्षपातीपणे दोन्ही खातं. ओट्याची चकाकी जाते आणि मग "आमचा ओटा आधीपासूनच मॅट फिनिश आहे" असं सांगत फिरावं लागतं. असा दगड असेल तर साधं साबणाचं पाणी पुरतं.

एक मिश्रण मात्र विनोदाच्या हद्दीबाहेरचं आहे. संडास धुवायच्या ॲसिडच्या बाटलीत दम आहे आणि ब्लीचच्या बाटलीतही दम आहे, तेव्हा दोन्ही एकत्र केल्या तर दुप्पट दम येईल, असं गणित कुणी मांडू नये. या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने जो सोडला होता, तोच हा. बंद न्हाणीघरात तो घेतला तर साफसफाईतून कायमची सुटका होऊ शकते, पण आपल्याला हवी असलेली सुटका ती नव्हे. एका वेळी एकच बाटली, आणि खिडकी उघडी.

आळशांचा खरा शास्त्रज्ञ म्हणजे हर्बर्ट सिनर. जर्मनीतल्या हेन्केल या साबण-पावडरवाल्या कंपनीतल्या या रसायनतज्ज्ञाने १९५९ साली साफसफाईचं एक वर्तुळ मांडलं. कुठलीही वस्तू स्वच्छ व्हायला चार गोष्टी लागतात: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. यातली एक कमी केली तर बाकीच्या वाढवून तेच काम होतं. धुलाईच्या धंद्यात आजही हे वर्तुळ शिकवतात. घासायचा कंटाळा असलेल्या माणसाला यात मोक्षाचा मार्ग दिसला पाहिजे. घासणं शून्याकडे न्यायचं आणि वेळ वाढवायचा. म्हणजेच भिजत ठेवायचं.

करपलेल्या दुधाच्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर सोडा घालून एक उकळी आणावी, झाकून ठेवावं आणि झोपावं. सकाळी खरवड स्वतःहून सुटते. नळावर व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं गुंडाळावं आणि तासभर पेपर वाचावा. शॉवरला व्हिनेगर भरलेली पिशवी रबरबँडने बांधून ठेवावी. संडासात क्लीनर टाकून लगेच ब्रश घेऊन झटापट करू नये. बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिलेली असतात तेवढी त्याला द्यावीत, तेवढ्यात चहा होतो. मिक्सरच्या भांड्यात पाणी आणि साबणाचा थेंब घालून अर्धा मिनिट फिरवलं की पात्याखाली अडकलेली चटणी निघते. मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर पाणी, अर्धं लिंबू पिळून, तीन-चार मिनिटं गरम करावं आणि दार लगेच उघडू नये. भिंतींवर उडालेली गेल्या महिन्यातली आमटी वाफेने मऊ होते आणि एका फडक्यात निघते. या सगळ्या युक्त्यांत हात कमी चालतो आणि घड्याळ जास्त. आळशी माणसाकडे घड्याळाची कधीच टंचाई नसते.

परंतु इथेही आपला प्रश्न विचारायला हवाच. घरातला कॉलेजात जाणारा मुलगा रात्री मॅगी खातो, पातेलं सिंकमध्ये ठेवतो, त्यात नळ सोडतो आणि निघून जातो. "अरे, घासून ठेव की ते!" "भिजत घातलंय आई." हे भिजत घोंगडं सकाळपर्यंत तसंच असतं आणि मग पातेलं घासलं जातं. त्याने घासणं शून्यावर आणलेलं असतं, यात शंका नाही. पातेलं कोण घासतं, हे सिनरच्या वर्तुळात विचारलेलं नाही.

मधल्यामध्ये पंख्याचं बघून घेऊ, कारण पंखा हा घरातला सगळ्यात निर्लज्ज धूळधारी. दिवसभर गरगर फिरतो आणि तरी त्याच्या पात्यावर धूळ बसते कशी, हे कोडं अनेकांना पडतं. पात्याला अगदी चिकटून असलेला हवेचा पातळसा थर पात्याबरोबरच फिरत असतो, म्हणून तिथली बारीक धूळ उडून जात नाही. त्यात फोडणीच्या वाफेतला तेलकटपणा मिसळला की ती कायमची राहायलाच येते. ओल्या फडक्याने पुसायला गेलं तर निम्मी धूळ डोळ्यांत आणि निम्मी गादीवर. त्यापेक्षा आधी बटण बंद करावं, स्टुलावर चढावं, जुना अभ्रा पात्यावर उशीला चढवतो तसा चढवावा आणि वरून-खालून दाबत बाहेर ओढावा. सगळी धूळ अभ्र्याच्या पोटात राहते. तो अभ्रा परत उशीला घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको असं ज्यांना वाटतं, त्यांनी नवऱ्यावर हे काम सोपवून बघितलेलं नसतं.

पंख्याचं काम झाडू-पोछ्याच्या आधी करायचं, वरून खाली यायचं, हा साधा नियम. प्रत्यक्षात फरशी लख्ख पुसून झाली, मावशी बादली ओतून निघाल्या, की घरातल्या कर्त्या पुरुषाची मान वर जाते आणि त्याला म्हणावंसं वाटतं, "अगं, पंख्यावर केवढी धूळ बसलीय!" निरीक्षण हा घरकामातला एकच भाग असा आहे, जो काही माणसं आयुष्यभर न कंटाळता करतात.

कंटाळा हा जगभर शोधांचा बाप ठरला आहे. लंडनमध्ये १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ ओढून घेणारं यंत्र बनवलं, तेव्हा ते एवढं मोठं होतं की घोडागाडीवर लादून घरासमोर उभं करत आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून आत सोडत. त्याही आधी कल्पना चालेल की नाही हे बघायला त्याने रुमाल ठेवून हॉटेलातल्या खुर्चीची धूळ तोंडाने ओढून बघितली होती. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी १८८६ साली भांडी धुवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, कारण नोकरमाणसं त्यांची उंची चिनी मातीची भांडी घासताना टवके उडवत.

पण सगळ्यांवर कडी केली ती ऑरेगॉन राज्यातल्या फ्रान्सिस गेब यांनी. या बाईंना साफसफाईचा इतका तिटकारा होता की त्यांनी स्वतःला धुणारं घर बांधलं. १९८४ साली त्याचं पेटंट मिळालं. प्रत्येक खोलीच्या छताला फवारे. बटण दाबलं की साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग गरम हवा. फरशीला उतार दिलेला, पाणी मोरीकडे वाहून जाणार. लाकूडसामानावर पाणी न लागणारा थर, पुस्तकांना वेष्टणं, कपडे कपाटात टांगल्या टांगल्या धुतले जाणार, आणि जाता जाता त्याच पाण्यात कुत्र्याच्या घराचीही धुलाई. त्या स्वतः त्या घरात राहिल्या, १०१ वर्षं जगल्या. घर मात्र दुसऱ्या कुणी बांधलं नाही. कोकणात पावसाळ्याआधी कौलं शाकारायची राहून गेली की घरोघरी हा प्रयोग आपोआप होतो, पण त्याचं आपण पेटंट घेतलं नाही.

यंत्रं आली म्हणून घरकाम कमी झालं का? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकी इतिहासकार बाईंनी १९८३ साली या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की यंत्रांनी कष्ट कमी केले, पण स्वच्छतेच्या अपेक्षा वाढवून घरातल्या बाईचा वेळ पुन्हा भरून टाकला. पूर्वी जी कामं नवरा, मुलं आणि नोकर करत, तीही तिच्या एकटीच्या अंगावर आली. हे आपल्याकडे तपासायला लांब जायला नको. वॉशिंग मशिन नव्हतं तेव्हा पॅंट दोन दिवस चालायची. आता अर्धा तास अंगात घातलेला टीशर्टही "टाक मशिनमध्ये." मशिन धुतं, वाळत घालणं, पाऊस आला की धावत जाऊन काढणं, घड्या घालणं आणि ज्याचे त्याच्या कपाटात ठेवणं हे मशिनच्या माहितीपत्रकात नसतं. डिशवॉशर आला की त्यात घालण्याआधी भांडी विसळून घेतात आणि कढई मावत नाही म्हणून ती हातानेच घासतात. केर काढणारा रोबो मोठ्या कौतुकाने घरात येतो, फोनवर सगळ्या नातेवाइकांना दाखवला जातो आणि पहिल्याच दिवशी उंबरठ्याशी जाऊन अडतो. त्याच्यासाठी आधी फरशीवरच्या वायरी, चपला, पाट आणि खेळणी उचलावी लागतात. एवढं उचलून झाल्यावर हातात झाडू असता तर केरही झाला असता, हा विचार मनात आला तरी बोलून दाखवायचा नसतो, कारण हप्ते चालू असतात.

तेव्हा यंत्रापेक्षा स्वस्त युक्ती म्हणजे वस्तू कमी ठेवणं. घरात आणलेली प्रत्येक वस्तू पुसण्याचं काम सोबत घेऊन येते. माळ्यावर बघा. टीव्हीचं खोकं, कारण टीव्ही बदलला तर लागेल; टीव्ही दोनदा बदललेला असतो. झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं. आइस्क्रीमचे रिकामे डबे, ज्यांत आइस्क्रीम असेल या आशेने मुलं तीन पिढ्या फसत आली आहेत. दिवाणखान्यात काचेचं शोकेस, त्यात ताजमहाल, शिंपल्यांचा गणपती आणि वेगवेगळ्या मंडळांनी दिलेली स्मृतिचिन्हं. स्मृतिचिन्ह ही वस्तू धुळीला बसायला नक्षीदार जागा मिळावी म्हणूनच घडवलेली असते. सत्काराला "शाल-श्रीफळ द्या, चिन्ह नको" असं आयोजकांना कळवणाऱ्या माणसाचे त्याच्या घरच्यांवर थोर उपकार होतील. शाल पांघरता येते, श्रीफळाची चटणी होते.

आणि चपला बाहेर काढायची आपली जुनी पद्धत तर सोन्याची. रस्त्यावरची माती, वाळू, थुंकी दारातच थांबते. दाराबाहेर एक खरखरीत काथ्याचं पायपुसणं आणि आत एक मऊ, एवढ्या दोन वस्तूंनी केराचं काम नक्की हलकं होतं; अट एवढीच, की पायपुसणं अधूनमधून झटकायला हवं. न झटकलेलं पायपुसणं पायांना उलट माती लावून आत पाठवतं.

इथवर सांगितलेल्या सगळ्या युक्त्या मिळून दिवसाची फार तर पाऊण-एक तासाची बचत करतील. पण आपल्याकडे याहून कितीतरी परिणामकारक युक्ती वापरात आहे, आणि तिचा पुरावा सरकारदरबारी आहे. देशात २०१९ साली माणसं आपला वेळ कशात घालवतात याची पाहणी झाली. स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी अशा बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, आणि भाग घेणाऱ्या पुरुषांची ९७. मुळात या कामात दिवसभरात हात घालणाऱ्या बायका शंभरात ८१ होत्या आणि पुरुष २६. म्हणजे शंभरातल्या ७४ पुरुषांनी जगातली सगळ्यात वेळ वाचवणारी युक्ती केव्हाच शोधून काढली आहे. तिला ना व्हिनेगर लागतं, ना सोडा, ना रोबो. फक्त "मला ते नीट जमत नाही" हे वाक्य लागतं. कामाला येणाऱ्या मावशी एक दिवस आल्या नाहीत की घरात हाहाकार उडतो, लादी पुसायचं फडकं कुठे असतं यावर चौकशी बसते. त्या मावशी चार घरांचा केर काढून पाचव्या, स्वतःच्या घरी जातात. त्यांना साफसफाई आवडते का, असं आजवर कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात झाडू घेत आणि दिवसभर रस्ते झाडत, कीर्तन रात्री. त्यांना रस्ता झाडताना बघून लोकही झाडू घेऊन बाहेर पडत. घरात बाबा येणार नाहीत, आपल्यालाच सुरुवात करावी लागेल, आणि त्याला संतपद लागत नाही. चार माणसांच्या घरात प्रत्येकाने रोज दहा मिनिटं दिली की चाळीस मिनिटांचं काम होतं आणि कुणालाच दमायला होत नाही. ज्याची चादर त्याने झटकावी, ज्याचं ताट त्याने उचलावं, ज्याने आंघोळ शेवटी केली त्याने न्हाणीघरातलं पाणी ओढून टाकावं. मुलगा-मुलगी, सासरे-जावई असा भेद त्यात नको. धूळही तो पाळत नाही.

साफसफाईचा कंटाळा असणं यात काही वाईट नाही. तो नीट वापरला तर माणूस कमी वस्तू घेतो, चपला बाहेर काढतो, वरून खाली झाडतो आणि कामाला घड्याळ जुंपतो. मात्र वेळ वाचवणं वेगळं आणि तो दुसऱ्याच्या नावावर टाकणं वेगळं. साफसफाई जरूर टाळावी, पण दुसऱ्याच्या कंबरेच्या जिवावर टाळू नये. आणि हा लेख वाचताना चहा घेतला असेल, तर तो कप आता उठून विसळून ठेवा. भिजत नको.